केप क्रोझिअर : एक कडा, तीन माणसे आणि तीन अंडी
(दीर्घ धागा)

१/
अंटार्क्टिकातील रॉस बेटाच्या पूर्व टोकाला केप क्रोझिअर नावाचे भूशिर आहे. मागे माउंट टेरर हा विझलेला ज्वालामुखी, समोर गोठलेला समुद्र आणि दोहोंच्या मध्ये काळ्या खडकाचे उभे कडे. येथे कधीही गाव वसले नाही, बंदर झाले नाही, लढाई झाली नाही. तरीही विज्ञानाच्या इतिहासातील एक अवघड प्रश्न या कड्याशी कायमचा जोडला गेला आहे : ज्या ज्ञानासाठी माणसे जीव पणाला लावतात, ते ज्ञान पुढे निरुपयोगी ठरले, तर त्या धाडसाचे मोल काय?

२/
प्रथम नावाविषयी. १८४१ साली जेम्स क्लार्क रॉस हा ब्रिटिश दर्यावर्दी ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन या समुद्रात शिरला. ‘टेरर’चा कप्तान होता फ्रान्सिस क्रोझिअर, हा आयर्लंडचा. रॉसने दोन ज्वालामुखींना जहाजांची नावे दिली आणि या भूशिराला आपल्या सहकाऱ्याचे.

३/
दैवगती अशी की पुढे तीच दोन जहाजे उत्तर ध्रुवीय प्रदेशात गेली आणि परतली नाहीत. १८४५ च्या फ्रँकलिन मोहिमेत क्रोझिअर पुन्हा ‘टेरर’वर होता. जून १८४७ मध्ये फ्रँकलिन मरण पावला आणि मोहिमेची सूत्रे क्रोझिअरकडे आली. एप्रिल १८४८ मध्ये बर्फात अडकलेली जहाजे सोडून तो उरलेल्या माणसांसह पायी निघाला. त्यांपैकी एकही जण घरी पोहोचला नाही. ‘एरेबस’चे अवशेष २०१४ साली सापडले, ‘टेरर’चे २०१६ साली. क्रोझिअरचे नाव मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका कड्यावर टिकून राहिले.

४/
आता या कड्याची रचना समजून घेऊ, कारण पुढील सर्व घटना तिच्यावर अवलंबून आहेत. रॉस आईस शेल्फ हा समुद्रावर तरंगणारा, भूभागातून सतत पुढे सरकणारा बर्फाचा अवाढव्य थर. तो सरकत येऊन केप क्रोझिअरच्या खडकाला धडकतो. तेथे बर्फ चिरडला जातो, दुमडतो आणि त्याचे उंचच उंच कंगोरे व खोल भेगा तयार होतात. कड्याखालच्या समुद्रबर्फापर्यंत जायचे, तर हा चक्रव्यूह ओलांडावा लागतो.

५/
२२ जानेवारी १९०२ रोजी रॉबर्ट स्कॉटच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेने या भूशिरावर एक लाकडी खांब रोवला आणि त्याला धातूची नळी बांधली. आत संदेश होता : आम्ही कोठे मुक्काम करणार आहोत. पुढच्या वर्षी मदतीसाठी आलेल्या ‘मॉर्निंग’ जहाजाला हाच संदेश सापडला आणि मोहिमेचा पत्ता लागला. बिनतारी यंत्रणा हाताशी नसलेल्या त्या काळात हा खांब म्हणजे जगाच्या टोकावरची टपालपेटीच होती.

६/
त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोहिमेतील अभियंता रेजिनाल्ड स्केल्टन याला कड्याखाली, समुद्रबर्फावर, एम्परर पेंग्विनांची वसाहत दिसली. एम्परर पेंग्विनांची वीण माणसाने पाहिल्याची ही पहिलीच नोंद. पण एक कोडे उभे राहिले : वसंत ऋतू नुकता सुरू होत असताना पिल्ले आधीच मोठी झालेली होती.

७/
मोहिमेतील डॉक्टर आणि प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन १९०३ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे आणखी लवकर, तेथे गेला. तेव्हाही पिल्ले अंड्यांबाहेर होती. विल्सनने उलटा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की हे पक्षी अंडी घालतात ते ऐन हिवाळ्यात, जेव्हा तेथे सूर्य उगवतच नाही. गर्भाची सुरुवातीची अवस्था पाहायची असेल, तर ध्रुवीय रात्रीच्या मध्यावर, जुलैच्या आरंभी, तेथे पोहोचायला हवे.

८/
पण पेंग्विनाचा गर्भच का? त्यासाठी त्या काळच्या एका सिद्धांताकडे वळावे लागते. १८६६ साली जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याने मांडले होते की प्रत्येक प्राण्याचा गर्भ वाढताना आपल्या जातीच्या उत्क्रांतीचा संपूर्ण प्रवास थोडक्यात पुन्हा करतो. हे खरे असेल, तर अत्यंत आदिम पक्ष्याच्या गर्भात पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यातील दुवा दिसला पाहिजे : खवल्यापासून पीस कसे झाले, कदाचित दातांचे अंकुरही.

९/
१८६१ साली बव्हेरियात आर्किऑप्टेरिक्सचा जीवाश्म सापडल्यापासून हा दुवा सर्वांच्या कुतूहलाचा विषय झाला होता. पेंग्विन उडत नाही, म्हणून तो आदिम असावा असा तेव्हा अनेकांचा समज होता. विल्सनच्या दृष्टीने त्यामुळे केप क्रोझिअरचे अंडे हे उत्क्रांतीच्या ग्रंथातील हरवलेले पान होते.

१०/
१९१० मध्ये स्कॉटची दुसरी, ‘टेरा नोव्हा’ मोहीम निघाली. विल्सन तिचा शास्त्रीय प्रमुख होता. २७ जून १९११ रोजी तो दोन सोबत्यांसह केप इव्हान्स येथील तळावरून निघाला. एक हेन्री बावर्स, वय २७. दुसरा ॲप्सली चेरी-गॅरार्ड, वय २५. या धाग्याच्या बहुतेक वाचकांच्याच वयाचा.

११/
बावर्सचे नाते थेट आपल्या किनाऱ्याशी आहे. तो रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी होता, म्हणजे मुंबई हा मुख्य तळ असलेल्या आणि आजच्या भारतीय नौदलाच्या पूर्वजांत मोडणाऱ्या दलाचा. इरावती नदी आणि इराणचे आखात या उष्ण प्रदेशांत नोकरी करून तो थेट बर्फात आला होता. बुटका, दणकट, थंडी जणू अंगाला लागतच नाही असा. चेरीला याउलट दूरचे दिसत नसे आणि त्या थंडीत चष्मा लावणे अशक्य होते. सूर्य एप्रिलअखेर मावळला होता व ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत उगवणार नव्हता. म्हणजे अंधारात चालणाऱ्या तिघांपैकी एक जवळजवळ आंधळा.

१२/
अंतर एका दिशेने शंभर किलोमीटरांहून थोडेसे अधिक. दोन स्लेज, त्यांवर सुमारे ३४० किलो सामान. कुत्रे नाहीत, घोडे नाहीत. ओढणारी तीन माणसे. पुणे ते लोणावळा जाऊन-येऊन जेवढे अंतर होईल, त्याहून हे अधिक नव्हे. ते कापायला त्यांना १९ दिवस लागले.

१३/
याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. स्लेज घसरते ती धावपट्टीखालच्या बर्फाचा अतिसूक्ष्म थर घर्षणाने वितळतो म्हणून. तापमान फार खाली गेले की हा थर वितळत नाही आणि बर्फ वाळूसारखा वागू लागतो. दोन्ही स्लेज एकदम हलेनात. म्हणून एक पुढे ओढायची, अंधारात आपलीच पावले शोधत मागे यायचे, मग दुसरी ओढायची. एक मैल पुढे सरकण्यासाठी तीन मैल चाल. काही दिवशी संपूर्ण दिवसाची कमाई जेमतेम दोन मैलांची असे.

१४/
त्यांनी नोंदवलेले नीचांकी तापमान उणे ७७.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ६०.८ अंश सेल्सिअस. घाम अंगावरच गोठे. एकदा तंबूबाहेर येताना चेरीने मान वर केली आणि कपडे त्याच स्थितीत लाकडासारखे ताठ झाले. पुढचे चार तास त्याला मान वर ठेवूनच स्लेज ओढावी लागली. श्वासाची वाफ स्लीपिंग बॅगमध्ये साचून गोठत गेली आणि परत येईपर्यंत त्या बॅगांचे वजन दुपटीहून अधिक झाले. दात कडकडून त्यांचे तुकडे पडले, ही अतिशयोक्ती नव्हे. चेरीचे दात खरोखर तडकले.

१५/
१५ जुलैला ते केप क्रोझिअरला पोहोचले. कड्यामागच्या उंचवट्यावर त्यांनी दगड रचून लहानसे घर उभारले : आढ्याला स्लेज, वर जाड कॅनव्हासचे छत. सह्याद्रीतल्या एखाद्या धनगरवाड्यावर रचलेल्या दगडी आडोशाची आठवण व्हावी, इतकेच ते बांधकाम. फरक एवढाच की चिखलमातीऐवजी येथे फटींत बर्फ भरला होता.

१६/
२० जुलैला दुपारच्या अंधुक संधिप्रकाशात, बर्फाच्या कंगोऱ्यांमधून वाट काढत, एका ठिकाणी तर कोल्ह्याच्या बिळासारख्या भोकातून सरपटत ते वसाहतीपर्यंत गेले. पूर्वी जेथे सुमारे दोन हजार पक्षी दिसले होते, तेथे शंभराच्या आसपासच होते. पण त्यांच्या पायांवर अंडी होती. विल्सनचा आठ वर्षांपूर्वीचा हिशेब अचूक ठरला होता.

१७/
विल्सन आणि बावर्स खाली उतरले, चेरी दोर धरून वर थांबला. पाच अंडी घेतली. चुलीला चरबी हवी म्हणून तीन पक्षी मारले. परतीच्या चढणीवर, अंधारात धडपडणाऱ्या चेरीजवळची दोन अंडी फुटली. उरली तीन.

१८/
मग वादळ आले. आधी तंबू उडाला. २३ जुलैला, विल्सनच्या ३९ व्या वाढदिवशी, छताचे कॅनव्हासही फाटून चिंध्या झाले. तिघे आपापल्या बॅगांमध्ये, अंगावर बर्फ साचू देत, पडून राहिले आणि मधूनमधून प्रार्थनागीते गात एकमेकांना जिवंत असल्याची खूण देत राहिले. तंबूशिवाय परत जाणे म्हणजे निश्चित मृत्यू, हे तिघांनाही ठाऊक होते. वारा ओसरल्यावर शोध सुरू झाला आणि उताराच्या पायथ्याशी, सुमारे अर्ध्या मैलावर, तंबू जवळजवळ धड स्थितीत सापडला. १ ऑगस्टला ते तळावर पोहोचले.

१९/
येथपर्यंतची कथा बहुतेक ठिकाणी सांगितली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावे ते त्यानंतरचे.
विल्सन आणि बावर्स हे दोघे पुढे स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर गेले आणि मार्च १९१२ च्या अखेरीस परतीच्या वाटेवर त्याच्यासह मरण पावले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला. त्या पथकात चेरी होता. त्याच पथकासोबत भारतातून आणलेली सात खेचरे होती. त्यांची नावे : लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब. ध्रुवीय वीरगाथांत ही नावे क्वचितच येतात, म्हणून येथे नोंदवतो.

२०/
१९१३ साली चेरी एकटाच ती तीन अंडी घेऊन लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात गेला. त्याने पुढे लिहिलेल्या वर्णनानुसार तेथे त्याचे स्वागत झाले नाही. पोच मिळावी म्हणून त्याला बाहेर ताटकळत बसावे लागले. गर्भांचा अभ्यास एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहिला. अखेर १९३४ साली अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा मथितार्थ असा की या गर्भांमुळे पेंग्विनांच्या गर्भवाढीविषयीच्या ज्ञानात फारशी भर पडलेली नाही.

२१/
तोपर्यंत हेकेलचा सिद्धांत त्याच्या मूळ रूपात टाकून दिला गेला होता. पेंग्विन आदिम नाही, तो उडणाऱ्या पूर्वजांपासून उत्क्रांत झालेला व पोहण्यासाठी बदललेला पक्षी आहे, हेही स्पष्ट झाले. म्हणजे प्रश्नच चुकीच्या पायावर उभा होता. येथून ‘तीन अंड्यांसाठी व्यर्थ केलेला वेडा प्रवास’ ही प्रचलित मांडणी सुरू होते. ती मला अपुरी वाटते. कारणे तीन.

२२/
पहिले कारण : विज्ञानात चुकीचा प्रश्नही तपासूनच चुकीचा ठरतो. १९११ मध्ये त्या गर्भात काय आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते. शिवाय एम्परर पेंग्विन ध्रुवीय रात्रीच्या मध्यावर अंडी उबवतो, हे अनुमान त्या दिवशी प्रत्यक्ष डोळ्यांनी सिद्ध झाले आणि ते आजही अबाधित आहे. खवले आणि पिसे यांच्या नात्याचा प्रश्नही मेला नाही. १९९६ नंतर चीनमध्ये पिसांसारखी आवरणे असलेल्या डायनोसॉरांचे जीवाश्म सापडू लागले आणि तो नव्याने जिवंत झाला. विल्सनचे उत्तर शोधण्याचे ठिकाण चुकले, कुतूहल चुकले नव्हते.

२३/
दुसरे कारण अधिक गंभीर आहे आणि ते अंड्यांच्या झगमगाटात झाकले जाते. हा प्रवास अन्नाचाही प्रयोग होता. ध्रुवयात्रेसाठी शिधा ठरवायचा म्हणून तिघांनी मुद्दाम वेगवेगळे प्रमाण घेतले : बावर्सला पेमिकन, म्हणजे सुके मांस आणि चरबी यांचे मिश्रण, जास्त. चेरीला बिस्किटे जास्त. विल्सनला लोणी जास्त. विल्सनला इतके लोणी संपेना, चेरीला स्निग्ध पदार्थांची भूक लागे, म्हणून त्यांनी आपसांत अदलाबदल केली. यातून पुढे पठारावरचा दैनंदिन शिधा ठरला : १६ औंस बिस्किटे, १२ औंस पेमिकन, २ औंस लोणी, आणि थोडी साखर, कोको, चहा.

२४/
हा शिधा सुमारे साडेचार हजार कॅलरींचा. उंच पठारावर स्वतः स्लेज ओढणाऱ्या माणसाला सहा हजारांहून अधिक कॅलरी लागतात, हे पुढील काळात कळले. पाच आठवड्यांच्या प्रवासात जे चालून गेले, ते पाच महिन्यांच्या प्रवासात पुरणारे नव्हते. स्कॉटच्या तुकडीच्या अंताला अनेक कारणे होती, पण हळूहळू साचत गेलेली उपासमार त्यांत निश्चितच होती. केप क्रोझिअरच्या प्रवासाचा सर्वांत दूरगामी परिणाम म्हणून मी संग्रहालयातील तीन अंड्यांकडे नव्हे, या शिध्याच्या यादीकडे बोट दाखवीन.

२५/
तिसरे कारण साधनांच्या चिकित्सेचे. या प्रवासाविषयीची आपली बहुतेक प्रतिमा चेरीच्या ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ या १९२२ च्या ग्रंथातून येते. तो ग्रंथ थोर आहे, पण तो घटनेनंतर अकरा वर्षांनी, एका महायुद्धानंतर, दोन्ही सोबती गमावलेल्या माणसाने लिहिला आहे. मार्च १९१२ मध्ये चेरी वन टन डेपो या अन्नसाठ्यापाशी थांबला होता आणि तेथून परत फिरला. त्या वेळी स्कॉटची तुकडी आणखी दक्षिणेस जिवंत होती. ‘मी पुढे गेलो असतो तर?’ हा प्रश्न त्याला १९५९ मधील मृत्यूपर्यंत छळत राहिला.

२६/
म्हणून संग्रहालयाच्या दारातला तो प्रसंग वाचताना सावध राहावे. चेरीने तो जवळजवळ प्रहसनासारखा रंगवला आहे. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण त्यात बोलतो आहे तो एक शोकाकुल मनुष्य, ज्याच्या दृष्टीने ती अंडी म्हणजे मित्रांची शेवटची वस्तू होती आणि समोरच्या कारकुनाच्या दृष्टीने नोंदवहीतली एक ओळ. या दोन दृष्टींमधील अंतर हाच त्या प्रसंगाचा खरा अर्थ. प्रवासाचे शास्त्रीय मूल्यमापन त्यावरून करता येत नाही. त्यासाठी विल्सनची रोजनिशी, बावर्सची पत्रे, हवामानाच्या नोंदी आणि १९३४ चा अहवाल शेजारी ठेवूनच वाचावे लागते.

२७/
त्या कड्याचे पुढे काय झाले? मार्च १९५७ मध्ये एडमंड हिलरी, होय, एव्हरेस्टवाला हिलरीच, आपल्या ट्रॅक्टरांची चाचणी घेत तेथे पोहोचला. दगडी घराच्या भिंती शिल्लक होत्या आणि आत त्या तिघांनी सोडलेल्या वस्तूही. आज ते अवशेष आणि १९०२ चा संदेशखांब, दोन्ही अंटार्क्टिक कराराखाली संरक्षित ऐतिहासिक स्थळे आहेत. भूशिराचा परिसरही विशेष संरक्षित आहे. परवान्याशिवाय तेथे पाऊल ठेवता येत नाही. १९८३ पासून भारतही या कराराचा सदस्य आहे. म्हणजे त्या दगडांच्या राखणदारांत आपणही आहोत.

२८/
पेंग्विनही आहेत. मार्च २००० मध्ये रॉस आईस शेल्फचा बी-१५ नावाचा, जवळजवळ तीनशे किलोमीटर लांबीचा तुकडा सुटला. त्याचे भाग केप क्रोझिअरपाशी येऊन अडकले, वसाहतीची जागा उद्ध्वस्त झाली आणि २००१ साली तेथे एकही पिल्लू वाढले नाही. नंतरच्या वर्षांत पक्षी पुन्हा परतले. अशी तुलना आज शक्य होते, याचे एक कारण म्हणजे १९०२, १९०३ आणि १९११ च्या नोंदी. कोणीतरी अंधारात जाऊन मोजले होते, म्हणून आज ‘किती बदलले’ हे विचारता येते.

२९/
क्रोझिअर कधीच परतला नाही. विल्सन आणि बावर्स त्या कड्यावरून परतले, पण घरी पोहोचले नाहीत. चेरी घरी पोहोचला, पण मनाने अखेरपर्यंत त्या बर्फातच राहिला. या सर्वांना ‘यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी’ अशा दोन रकान्यांत बसवण्याचा मोह टाळणे, हे मला इतिहासाच्या अभ्यासाचे पहिले कर्तव्य वाटते. त्यांनी काय विचारले, कोणत्या गृहीतकांवर विचारले आणि त्या विचारण्याची किंमत कोणी मोजली, एवढे जरी नेमके मांडता आले, तरी पुष्कळ झाले.

३०/
धागा दीर्घ झाला.  आता प्रश्न आपल्यासाठी : आपल्या इतिहासातील अशी कोणती मोहीम, शोध किंवा प्रयत्न तुम्हांला आठवतो, जो ‘फसला’ म्हणून बाजूला टाकला गेला, पण ज्याच्या नोंदी आज उपयोगी पडत आहेत? खाली अवश्य लिहा. त्यांतील एखाद्या विषयावर पुढचा धागा विणू.